दशा कापता येतात

शहापूर, ४ सप्टेंबर २०२२

अश्विनदादा,

फोनवर आपण बोललो की तिसऱ्या मिनिटाला भांडण होतं, म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं मध्येच तोडता येत नाही आणि तुला लोकांचं बोलणं तोडायची सवय लहानपणापासून आहे. तुझ्या आईलाच विचार हवं तर, आत्या सांगेल.

गावी आमच्या गल्लीतले आठ माग एकत्र आले आहेत हे तुला माहीत आहेच. बाबांचा माग, गोदावरीकाकूंचा, सुखरामकाकांचा आणि आणखी पाच घरांचे. कोशाच्या रेशमाची करवतकाठी साडी या आठ घरांत अजून हातानं विणली जाते. तिच्यासाठी मी वेबसाइट करते आहे. सकाळी इथे हायवेवरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि दुपारी वरच्या भाड्याच्या खोलीत बसून हे काम.

अडचण अशी की सगळं मी एकाच फायलीत लिहीत गेले. आता फोटोचा आकार बदलला की खरेदीची टोपली रुसते, टोपली समजावली की शोध बंद पडतो. तेव्हा हे सगळं सुटे भाग करून नीट मांडायचं ठरवलं आहे. कुठून तोडावं हे मात्र ठरत नाही. क्लासचे हिशेबनीस मारोतराव पूर्वी कलेक्टर कचेरीत होते. नव्याण्णव साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा फायली वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. ते म्हणाले, "तोडनं सोपं असते पोरी. कुठं जोड होता ते लिहून ठेवनं कठीन." मी त्यांना चहा पाजला, पण उत्तर काही मिळालं नाही.

शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आखल्या आणि त्यांना साडीच्या भागांची नावं दिली. वरची पट्टी आणि शोध म्हणजे 'काठ'. साडीचं कार्ड, म्हणजे फोटो, किंमत आणि 'घ्या' हे बटण, ते 'अंग'. टोपली म्हणजे 'पदर', कारण घेणारा शेवटी पदरातच घेतो. आणि ती साडी कोणी विणली, त्या माणसाचं नाव, फोटो, मागाची माहिती, हा भाग कार्डाच्या अगदी खाली येतो, म्हणून त्याचं नाव 'दशा'. पदराच्या टोकाला सोडलेले धागे असतात ना, त्या दशा. हे नाव सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले.

नागपूरच्या 'रेशीमघर'ला तू माझा नंबर दिलास त्याबद्दल तुझे आभार. त्यांना आमची साडीची कार्डं त्यांच्या वेबसाइटवर लावायची आहेत आणि जमलं तर आठही मागांना वर्षभराचं काम देणार म्हणतात. घरात सगळे तुझं नाव घेत आहेत. फार हुरळू नकोस. तोडणी बरोबर आहे का एवढं सांग.

तुझी,
रुचिका

---

पुणे, ९ सप्टेंबर २०२२

रुचिका,

चित्र पाहिलं. कॅलेंडरच्या पाठीवर एवढं बरं काम करणारी तू पहिलीच. आमच्या ऑफिसात याच कामासाठी काचेच्या खोलीत सहा माणसं तीन दिवस बसतात आणि मग जेवायला जातात.

तोडणीचा नियम एकच आहे. एका भागानं एकच काम करावं. जे वेगवेगळ्या कारणांनी बदलतं ते वेगळं ठेवावं. या नियमानं तुझे काठ, अंग आणि पदर बरोबर आहेत. पण तू 'दशा' वेगळी काढूनसुद्धा तिचा अर्धा भाग 'अंगा'त कोंबला आहेस. विणकराचं नाव फोटोखालीही येतं, किमतीशेजारीही येतं. ते काढ. नाव फक्त दशेत असू दे. आणि दशेला एक खटका ठेव, चालू आणि बंद. आपल्याकडे चालू राहील. दुसऱ्या कोणी आपलं कार्ड त्यांच्या पानावर लावलं तर त्यांच्या जागेप्रमाणे ते ठरवतील. सुटा भाग सुटा असेल तरच उपयोगाचा.

रेशीमघर मोठं नाव आहे. त्यांना सोयीचं जाईल असं कर. दसऱ्याच्या आत झालं तर उत्तम.

बाबूलाल महाशय, म्हणजे आमचे बाबा, चिखल्याच्या कॉलनीत मजेत आहेत. खाणीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सकाळच्या भोंग्याला उठून बसतात.

अश्विन

---

शहापूर, २५ सप्टेंबर २०२२

अश्विनदादा,

तू सांगितलंस तसं केलं. नाव फक्त दशेत ठेवलं आणि खटकाही बसवला. फायली सुटसुटीत झाल्या, चार दिवसांत काम हलकं झालं. तुझ्या नियमाला मी मनातल्या मनात हात जोडले होते. गेल्या रविवारी सगळ्यांना दाखवायला लॅपटॉप घेऊन गावी घरी गेले आणि तिथे गोदावरीकाकूंनी माझा नक्षा उतरवला.

काकूंनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं. काठ वाचून मान हलवली, पदर वाचून हसल्या. दशेवर बोट ठेवून विचारलं की हे काय. मी म्हटलं, इथे तुमचं नाव येतं, तुमचा फोटो येतो.

"अन् याले दशा काहून म्हनतं?"

सगळ्यात शेवटी येतं म्हणून, असं मी सांगितलं. काकूंनी चष्मा काढला.

"दशा कापतेत, बाई."

एवढंच म्हणाल्या आणि मागावर जाऊन बसल्या. मला कळेना. मग बाबांनी सांगितलं. काकू नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा पदराच्या टोकाला, दशांच्या जरा आधी, दोन लाल धागे टाकत असत. ही माझी साडी, अशी खूण. त्या वेळचा व्यापारी साडी घेतली की पहिलं काम काय करायचा, तर कात्रीनं तेवढी पट्टी कापून दशा नव्यानं सोडायचा. साडीला काही होत नव्हतं. कापता येण्यासारखं होतं म्हणून कापलं गेलं. तीन साड्या तशा गेल्यावर काकूंनी खूण हलवली.

कुठे हलवली ते मी मागाजवळ उभी राहून पाहिलं. करवतकाठीत काठाचा धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन, वेगळा आणि अंगाचा वेगळा. दोन काठांचे दोन धोटे, मधल्या अंगाचा एक, असे तीन धोटे चालतात. रंग वेगळे, धागे वेगळे. पण काठ जिथे अंगाला भेटतो तिथे प्रत्येक फेऱ्याला दोन्ही धागे एकमेकांत अडकवावे लागतात. त्या अडकवण्यातून करवतीसारखे दात तयार होतात. काकू दर वितीला त्यातला एक दात मुद्दाम लांब काढतात. तीच त्यांची सही. ती कापायला गेलं तर काठ अंगापासून सुटतो आणि साडीची चिंधी होते.

"आता काप म्हना," काकू म्हणाल्या. हे त्या मला म्हणत होत्या की चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्याला, कोण जाणे.

दादा, मी शहापूरला परत येईपर्यंत एकच विचार करत होते. आपला खटका कोण बंद करणार आहे? आणि कोणीच करणार नसेल तर तो कशाला हवा?

रुचिका

---

पुणे, २ ऑक्टोबर २०२२

रुचिका,

कामात बुडालो आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

गोदावरीमामींची गोष्ट छान आहे, पण तो माग आहे आणि हा संगणक आहे. गहिवरून कोड लिहू नये. खटका ही सोय आहे, कट नव्हे. कोणी बंद करेल असं मला वाटत नाही.

भागाचं नाव बदलायचं असेल तर बदल. रचना मात्र तशीच राहू दे. रेशीमघरला वेळेवर दे, एवढंच म्हणणं.

अश्विन

---

शहापूर, ६ ऑक्टोबर २०२२

अश्विन,

दादा लिहायचं आज जमत नाही.

काल दसऱ्याच्या दिवशी आम्ही मागांची पूजा करून उठलो आणि रेशीमघरच्या मॅनेजरचा फोन आला. फार गोड बोलणारा माणूस. सणाच्या शुभेच्छा दिल्या, साड्यांचं कौतुक केलं, मग म्हणाला की आमच्याकडे सगळा माल 'रेशीमघर संग्रह' या एकाच नावानं जातो, त्यामुळे तो खालचा भाग आम्ही बंदच ठेवणार. मी विचारलं, तसा भाग बंद होतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? तो म्हणाला, तुमच्या दादांनीच, ऑगस्टमध्येच तसं ठरलं होतं.

ऑगस्टमध्ये. मी तुला पहिलं पत्र लिहिलं सप्टेंबरात.

म्हणजे मी कॅलेंडरवर चौकटी आखत होते तेव्हा तोडणी तुमच्याकडे कधीच झाली होती. एका भागानं एकच काम करावं, हा नियम तू मला शिकवलास आणि मी तो गुरुमंत्रासारखा घोकला. तो नियम खरा असेलही. पण तू तो नियम म्हणून सांगितला नाहीस. कात्री पुढे केलीस आणि वर म्हणालास, गहिवरू नकोस.

गावी सगळं सोपं आहे असं समजू नकोस. संध्याकाळी सगळे आमच्या ओसरीवर बसले. सुखरामकाका म्हणाले, "नाव घेऊन काय करू? वर्षभर माग चालते का नाई ते पाहा ना." त्यांच्या घरी मागाशिवाय दुसरं काही नाही. दोघंतिघं त्यांच्या बाजूनं बोलले. गोदावरीकाकू एवढंच म्हणाल्या की माझी खूण मी एकदा कापून घेतली, दुसऱ्यांदा घेणार नाही, तुम्ही तुमचं पाहा. दिवाळीनंतर पुन्हा बसायचं ठरलं आहे.

मी माझं सांगते. खटका मी आज काढून टाकला. साड्या नागपूरला जावोत, मुंबईला जावोत, कुठेही जावोत, बिननावाचं कार्ड माझ्या हातून होणार नाही. ते चुकीच्या रचनेचं आहे असं तुझ्या काचेच्या खोलीतले सहा जण म्हणत असतील तर त्यांना खुशाल जेवायला जाऊ दे.

उत्तर लिहू नकोस.

रुचिका लक्ष्मणराव सोनकुसरे

---

पुणे, ११ नोव्हेंबर २०२२

रुचिका,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितो आहे. वाचायचं की नाही ते तू ठरव.

तुझं खरं आहे. रेशीमघरची वेबसाइट आमचीच कंपनी करते आहे आणि ते काम माझ्याकडे आहे. तुमचा नंबर मी दिला तेव्हा त्यांनी पहिलीच अट घातली होती की विणकरांची नावं दिसता कामा नयेत. मला वाटलं, आठ घरांना वर्षभराचं काम मिळतंय, एका खटक्यानं काय बिघडतं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, म्हणून नियमाच्या आड लपलो. नियम खरा होता. मी खोटा होतो.

हे मी दिवाळीपर्यंत स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. चिखल्याला गेलो होतो तेव्हा फराळाच्या ताटावर आईला तुझी गोष्ट सांगितली, ती सुद्धा तुझी चेष्टा करण्यासाठी. दात, सही, आता काप म्हणा, सगळं रंगवून सांगितलं. बाबा हसले, आई हसली नाही. मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या एकोणचाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

लग्नाआधी तिनं मामांच्याच घरच्या मागावर एक करवतकाठी विणली होती. ती नागपूरच्या प्रदर्शनात ठेवली गेली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. आजोबा तिला प्रदर्शन बघायला घेऊन गेले. तिच्या तोंडचे शब्द तसेच लिहितो.

"साडीवर चिठ्ठी शेटजीच्या नावाची होती. मी दुरून पाह्यलं. दात माह्येच होते."

मी विचारलं, मग तू काही बोलली नाहीस? ती म्हणाली, "कोनाले सांगू? माह्यं नाव कुठं लिवलं होतं?" आणि तिनं मला आणखी एक करंजी वाढली. रुचिका, ती करंजी मी ताटात तशीच ठेवली. मी तिचा मुलगा, आणि तीच चिठ्ठी मी पुन्हा लिहायला निघालो होतो, या वेळी संगणकावर.

रेशीमघरच्या कामातून मला काढा असं मी साहेबांना सांगितलं आहे. त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही, दुसरा कोणी करेल. मी शूर वगैरे झालेलो नाही. फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं.

अश्विन

---

शहापूर, २० नोव्हेंबर २०२२

अश्विनदादा,

वाचलं. तीनदा वाचलं. रागही आला आणि रडूही आलं, आणि मग आत्याला फोन करून अर्धा तास मी फक्त करंज्यांबद्दल बोलले. तुझा राग पूर्ण गेलेला नाही. संक्रांतीपर्यंत पुरवीन म्हणते.

आता इथलं सांगते. परवा बैठक झाली. मी तुझं पत्र दाखवलं नाही, पण आत्याची गोष्ट सांगितली. ओसरीवरच्या निम्म्या लोकांना ती साडी आठवत होती. आत्याच्या वयाचे सगळे म्हणाले की ती साडी आनंदाबाईची, म्हणजे आत्याचीच होती, गल्लीला माहीत होतं. सुखरामकाका पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "गल्लीले ठाऊक होतं, पन आमी बोललो नाई. आता तं बोलून पाहू." त्यांनी हात वर केला आणि मग सगळ्यांनीच केला. बाबांनीही. वर्षभराचं काम नाकारायचं ठरलं तेव्हा कोणाच्याच तोंडावर हसू नव्हतं. पण कोणी हात खाली घेतला नाही.

रेशीमघरला मी लिहिलं: "आमच्या साडीसोबत विणकराचं नाव येईल. ते नको असेल तर साडीही येणार नाही." त्यांचं उत्तर आलं की अशा अटींवर काम होत नसतं. मी लिहिलं, बरोबर आहे, होत नाही.

आता तुझ्या आवडीचा विषय. तुझा नियम मी मोडलेला नाही, हे तुला मुद्दाम सांगायचं आहे. आधी रागाच्या भरात नाव पुन्हा कार्डात कोंबलं होतं, पण मग फायलींची तीच खिचडी झाली. मग काकूंच्या मागाजवळ परत जाऊन बसले. त्यांचे तीन धोटे वेगळेच असतात. काठाचा धागा अंगात कोणी कोंबत नाही. दोघं आपापलं काम करतात, फक्त प्रत्येक फेऱ्याला एकमेकांत अडकतात. तेव्हा माझी चूक कळली. मी भाग कुठे तोडायचे एवढंच ठरवत होते. कुठे अडकवायचे ते ठरवलंच नव्हतं. मारोतराव पहिल्याच दिवशी हेच म्हणाले होते, मी चहा पाजून विसरले.

आता विणकराचा भाग वेगळाच आहे, त्याची फाइल वेगळी, काम एकच. पण साडीचं कार्ड उभं राहण्याआधी त्याला नाव विचारतं. नाव मिळालं तर पुढे फोटो, मग किंमत, मग बटण. नाव नाही मिळालं तर काहीच उमटत नाही, पांढरी जागा राहते. आणि त्या भागाचं नाव मी बदललं. 'दशा' गेली. आता त्याचं नाव 'दात'.

येत्या महिन्यात वेबसाइट सुरू करू. चाचणीचा पत्ता सोबत पाठवते आहे. तुझ्यासारख्या माणसानं तोडून पाहिलं तर बरं होईल. तोडायची तुला सवय आहे.

तुझी,
रुचिका

---

पुणे, १८ डिसेंबर २०२२

रुचिका,

आज रविवार, दिवसभर तुझ्या कोडशी मारामारी केली. रेशीमघरमधला कोणी हुशार माणूस काय करेल ते सगळं करून पाहिलं. नावाचा भाग काढून टाकला, सगळं कार्ड गेलं. नाव रिकामं ठेवलं, कार्ड गेलं. नावाच्या जागी नुसतं टिंब दिलं, तर तुझ्या कोडनं मला विचारलं, "हे कोणाचं नाव?" तो प्रश्न तू मराठीत लिहिला आहेस हे पाहून मी एकटाच हसलो. सगळं कोड टाकून नव्यानं लिहिलं तर कोणीही काहीही करू शकेल, ते कोणाच्या हातात नाही. पण तुझं कार्ड घेऊन त्यातलं नाव कापता येत नाही. मी हरलो आणि मला आनंद झाला.

आणखी एक गंमत झाली. उलटंही करून पाहिलं. फोटो काढला, किंमत काढली, बटण काढलं, फक्त नाव ठेवलं. कार्ड उभं राहिलं. सुरेख चौकट आणि आत एक नाव, बाकी काही नाही. हे तू मुद्दाम केलंस की आपोआप झालं, माहीत नाही.

चाचणीसाठी काहीतरी नाव हवं होतं, तर मी आईचं टाकलं. आनंदाबाई. माहेरचं आडनाव लावलं, कारण साडी तेव्हाची. ती महिनाभर इथे आली आहे, शेजारीच बसून मटार सोलत होती. तिला हाक मारून दाखवलं. तिनं पडद्याला हात लावला नाही, पदराला हात पुसून मांडीवर ठेवला आणि पाहत राहिली. मग म्हणाली, "साडी कुठं हाये?" मी म्हटलं, साडी आता कुणाकडे आहे कोण जाणे, नुसतं नाव आहे. ती म्हणाली, "असू दे. साडी तं मी पाह्यली होती."

ते चाचणीचं कार्ड आहे. वेबसाइट सुरू करण्याआधी आठवणीनं काढून टाक, नाहीतर घेणारे गोंधळतील.

तुझा,
अश्विनदादा (आता लिहिता येईल असं वाटतं)

---

शहापूर, २१ डिसेंबर २०२२

अश्विनदादा,

मुद्दाम केलं नव्हतं. कार्ड आधी नाव विचारतं, ते मिळालं की उभं राहतं, बाकीच्यासाठी थांबत नाही. आपोआपच झालं म्हण.

आज सकाळी वेबसाइट सुरू झाली. गोदावरीकाकूंनी नारळ फोडला आणि लॅपटॉपवर पाणी उडालं, पण चालू आहे. दुपारपर्यंत दोन साड्या गेल्या. रेशीमघरच्या वर्षभरापुढे दोन म्हणजे काहीच नाही, हे सुखरामकाकांनी मला सांगितलं आणि त्यांची साडी आधी गेली म्हणून गल्लीभर सांगतही फिरले.

घेणाऱ्यांपैकी एकीनं विचारलं आहे की आनंदाबाई सोनकुसरे यांच्या साडीचा फोटो का दिसत नाही, ती विकायला आहे का. मी लिहिलं, ती साडी विकायला नाही. ती विकली जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. फक्त कोणी विणली ते सांगायचं राहिलं होतं.

माग आठच आहेत, यादीत नावं नऊ आहेत. ते कार्ड मी काढणार नाही.

तुझी,
रुचिका